नाकाच्या मापापासून डीएनएपर्यंत: जात आणि वंशाचा प्रश्न विज्ञानाने कसा तपासला

१४ एप्रिल किंवा ६ डिसेंबर जवळ आला की आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून एक संदेश हमखास फिरू लागतो: डीएनए तपासणीने सिद्ध झाले, ब्राह्मण विदेशी आणि आपण मूलनिवासी. खाली अमेरिकेतल्या एका विद्यापीठाचे नाव आणि २००१ हे साल. थोड्या दिवसांनी समोरच्या बाजूचा संदेश येतो: राखीगढीच्या सांगाड्याने सिद्ध झाले, आर्य बाहेरून आलेच नाहीत. दोन्हींत ‘सिद्ध झाले’ हे शब्द ठळक असतात. आणि हे संदेश पुढे पाठवणाऱ्यांपैकी मूळ शोधनिबंध वाचलेला माणूस आम्हाला अजून भेटायचा आहे.

अभ्यासवर्गात तरुण मुले विचारतात, यातले खरे काय? आमचे म्हणणे असे की त्याआधी दुसरा प्रश्न विचारावा. एखादी गोष्ट खरी आहे असे शास्त्रज्ञ कशाच्या आधारे म्हणतात? ते समजले तर पुढचा संदेश आपला आपल्याला तपासता येईल. आणि हे समजून घेण्यासाठी ‘जात म्हणजे वंश आहे का’ या प्रश्नाइतके चांगले उदाहरण नाही. गेली सव्वाशे-दीडशे वर्षे हा प्रश्न तपासला जातो आहे, आणि त्या तपासणीत खुद्द बाबासाहेबांचा मोठा वाटा आहे.

सुरुवात हर्बर्ट रिस्ले या इंग्रज सनदी अधिकाऱ्यापासून करावी लागते. १८८०च्या दशकात बंगाल इलाख्यात त्याने जातींची पाहणी हाती घेतली. त्या काळी युरोपात माणसांच्या डोक्याची आणि नाकाची मापे घेऊन त्यांचा वंश ठरवण्याची टूम होती. नाकाच्या रुंदीला उंचीने भागायचे, शंभराने गुणायचे. येणारा आकडा म्हणजे नासिका निर्देशांक. आकडा लहान तर नाक धारदार, मोठा तर नाक बसके. रिस्लेने हजारो लोकांची मापे घेतली, जातवार सरासऱ्या काढल्या आणि जाहीर केले की सामाजिक उतरंडीत जात जितकी वर, तितके तिचे नाक अरुंद. म्हणजे जात ही मुळात वंशाची गोष्ट आहे; वर आर्य, खाली अनार्य. पुढे १९०१च्या जनगणनेचा तो आयुक्त झाला आणि त्या जनगणनेत जातींची सामाजिक दर्जानुसार क्रमवारी लावली गेली. त्या क्रमवारीवरून सरकारकडे अर्जांचा पाऊस पडला, हा वेगळा इतिहास आहे.

रिस्लेला नुसते वंशवादी म्हणून मोडीत काढणे सोपे आहे. पण एका बाबतीत त्याला श्रेय द्यायला हवे: त्याने तपासता येईल असा दावा केला. ‘अमुक जात ब्रह्मदेवाच्या पायातून निघाली’ हे विधान तपासायचे कसे? ‘अमुक जातीचे नाक सरासरीने रुंद असते’ हे मात्र फूटपट्टी घेऊन कोणीही तपासू शकतो. विज्ञानात चुकीचे विधानही कामाचे असते, ते चुकीचे ठरण्याची वाट त्यात मोकळी ठेवली असेल तर.

दोष त्याच्या पुढच्या पावलांत होता. पहिली गोष्ट सरासरीची. एका जातीची सरासरी ७४ आणि दुसरीची ७८ आली असे समजू. ही उदाहरणापुरती घेतलेली मापे आहेत. पण प्रत्येक जातीत ६५पासून ९०पर्यंत सगळ्या प्रकारची नाके आहेत. समोर आलेल्या माणसाचे नाक मोजून त्याची जात सांगता येईल का? मुळीच नाही. दोन सरासऱ्यांमधल्या फरकापेक्षा एकाच जातीतल्या माणसा-माणसांतला फरक कितीतरी मोठा असतो. सरासरीच्या एका आकड्यात हे सगळे झाकले जाते. दुसरी गोष्ट याहून खोल आहे. नाकाचा किंवा डोक्याचा आकार पिढ्यान्‌पिढ्या बदलत नाही, ही वंशाची शिक्कामोर्तब झालेली खूण आहे, असे त्याने धरून चालले होते. ते कोणी तपासले होते?

ते तपासले फ्रान्झ बोआस यांनी, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात. युरोपातून येणाऱ्या स्थलांतरितांमुळे अमेरिकेचा ‘वंश’ बिघडेल अशी ओरड तेव्हा तिथे चालू होती. बोआस यांनी १९०८ ते १९१० या काळात सुमारे १८ हजार स्थलांतरित आणि त्यांच्या मुलांची मापे घेतली. प्रश्न साधा होता. आई-बाप तेच, मग युरोपात जन्मलेले मूल आणि अमेरिकेत जन्मलेले मूल यांच्या डोक्याच्या आकारात फरक पडतो का? डोक्याचा आकार केवळ वंशाने ठरत असेल तर फरक पडू नये. फरक पडला. खाणे-पिणे, राहणीमान, बालपण यांनी तो आकार हलतो, असा निष्कर्ष निघाला.

इथपर्यंतची गोष्ट अनेक पुस्तकांत सापडते. आम्हाला तिचा पुढचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. १९२८ साली बोआस यांनी आपली सगळी कच्ची मापे, एकेका माणसाचे आकडे, शेकडो पानांत छापून टाकली. ‘माझा निष्कर्ष मान्य करा’ असे न म्हणता ‘हे घ्या आकडे, तुम्हीच मोजा’ असे ते म्हणाले. त्याचा परिणाम असा की २००२ साली, बोआस जाऊन साठ वर्षे झाल्यावर, दोन अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञांनी तेच आकडे संगणकावर नव्याने तपासले आणि म्हटले की बदल झाला हे खरे, पण तो फारच थोडा आहे; बोआस यांनी त्याला जास्त महत्त्व दिले. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाने तेच आकडे पुन्हा तपासून सांगितले की मुख्य मुद्द्यावर बोआस बरोबरच होते. वाद झाला तो मोजमापांवर, आणि मोजमापे सगळ्यांसमोर होती. गुरूचे नाव घेऊन कोणाला गप्प बसवता आले नाही. विश्वासार्ह ज्ञान असे तयार होते: हळू, भांडत आणि उघड्यावर.

बोआस कोलंबियात शिकवत होते त्याच काळात, १९१३ ते १९१६, बाबासाहेब तिथे विद्यार्थी होते. ९ मे १९१६ रोजी त्यांनी जातीसंस्थेवरचा आपला प्रसिद्ध निबंध वाचला तो बोआस यांचेच शिष्य अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात. वय २५. या निबंधात त्यांनी आधी काय केले? सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि आपल्या ज्ञानकोशकार केतकरांनी केलेल्या जातीच्या व्याख्या एकेक करून घेतल्या आणि प्रत्येकीत काय टिकते, काय टिकत नाही ते पाहिले. जुन्या संशोधकांना शिव्या देऊन त्यांनी सुरुवात केली नाही आणि कोणाला डोक्यावरही घेतले नाही. त्यातून त्यांनी जातीचे एकच मर्म काढले: बेटीबंदी. जातीचा उगम रक्तात शोधण्यापेक्षा लग्नाच्या नियमात शोधा, असे म्हणणारा हा निबंध आजच्या जनुकशास्त्रालाही कसा उपयोगी पडतो ते पुढे येईलच.

बत्तीस वर्षांनी, १९४८ साली, अस्पृश्यांच्या मुळावरच्या ग्रंथात बाबासाहेबांनी वंशाचा सिद्धांत थेट तपासणीला घेतला. अस्पृश्य हे वेगळ्या, हरलेल्या वंशाचे लोक आहेत असे स्टॅन्ले राइस वगैरे लेखक म्हणत होते. बाबासाहेबांनी मुंबई विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी एकत्र केलेली मापे घेतली. म्हणजे विरोधकांचेच हत्यार उचलले. वंश वेगळा असेल तर ब्राह्मण आणि अस्पृश्य यांच्या मापांत मोठे अंतर दिसायला हवे, आणि एका प्रांताचा ब्राह्मण दुसऱ्या प्रांताच्या ब्राह्मणाजवळ यायला हवा. मापे तसे सांगत नव्हती. एकाच प्रांतातले ब्राह्मण आणि अस्पृश्य एकमेकांच्या जवळ होते.

इथे ते थांबले असते तर तो एका बाजूचा पुरावा झाला असता. त्यांनी दुसरा, अगदी वेगळ्या जातीचा पुरावा आणला. महाराष्ट्रात मराठ्यांची कुळे आणि महारांची कुळे शेजारी शेजारी ठेवली, तर बहुतेक कुळे दोन्हीकडे सापडतात. पंजाबात जाट आणि चांभार यांच्या गोत्रांचेही तेच. नाकाची फूटपट्टी चुकू शकते, कुळांची यादीही अपुरी असू शकते. पण दोन्ही एकाच कारणाने चुकण्याचा संभव कमी. एकमेकांवर न टेकलेले दोन पुरावे एकाच ठिकाणी येऊन भेटले की विधानाला बळ येते. संशोधक याला फार मान देतात.

तरीही त्या प्रकरणात त्यांची भाषा पाहा. शरीरमापनाच्या शास्त्रावर भरवसा ठेवता येत असेल तर, अशी अट त्यांनी घातली आहे. प्रस्तावनेत त्यांनी स्वच्छ सांगितले आहे की आपला सिद्धांत हा शेवटचा शब्द आहे असा आपला दावा नाही. जिथे थेट पुरावा मिळत नाही तिथे अनुमान करावे लागले आहे, टीकाकारांनी ते जरूर तपासावे. ज्या माणसाच्या शब्दावर लाखो लोक धर्म बदलणार होते, तो माणूस पुस्तकात ‘तपासा’ म्हणून लिहितो आहे. आपण मात्र त्यांचे वाक्य तोडून स्टेटसला लावतो आणि खाली ‘विषय संपला’ असे लिहितो.

रिस्लेच्या आकड्यांची आणखी एक छाननी झाली. प्रशांतचंद्र महालनोबिस यांना १९२०च्या नागपूर सायन्स काँग्रेसमध्ये प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अ‍ॅननडेल भेटले आणि त्यांनी कलकत्त्यातल्या अँग्लो-इंडियन लोकांची मापे विश्लेषणासाठी दिली. त्या कामातून, माणसांचे दोन समूह अनेक मापांनी एकाच वेळी कसे ताडून पाहायचे, हे गणित महालनोबिस यांनी १९३६पर्यंत सिद्ध केले. आज ते जगभर ‘महालनोबिस अंतर’ म्हणून शिकवतात. मधल्या काळात, १९३३ साली, त्यांनी रिस्लेच्या बंगालमधल्या मापांतल्या चुका शोधून दुरुस्तही केल्या. आधीच्याचे काम पुन्हा तपासणे हे विज्ञानात कमीपणाचे मानत नाहीत.

आता डीएनए. ज्या २००१च्या अभ्यासाचे नाव आपल्या संदेशांत असते, तो यूटा विद्यापीठाच्या मायकेल बामशाद यांनी आंध्र विद्यापीठाच्या संशोधकांच्या सोबतीने केला. नमुने विशाखापट्टणम जिल्ह्यातले, आठ जातींचे सुमारे २६५ पुरुष. आईकडून येणारा डीएनए पाहिला तेव्हा सगळ्याच जाती आशियाई लोकांना जवळच्या निघाल्या. बापाकडून मुलाकडे जाणारे वाय गुणसूत्र पाहिले तेव्हा सगळ्याच जाती, खालच्या धरून, युरोपीय लोकांकडे झुकलेल्या निघाल्या. जात जितकी वरची तितका हा झुकाव जास्त. बस्स. ‘विदेशी’ आणि ‘मूलनिवासी’ असे दोन कप्पे त्यात नाहीत. त्यात एक उतार आहे आणि त्या उतारावर सगळेच उभे आहेत. युरोपाशी जवळीक म्हणजे विदेशी असा अर्थ लावला तर त्या अभ्यासाप्रमाणे आठही जाती विदेशी ठरतील. शिवाय एका जिल्ह्यातल्या आठ जातींवरून अख्ख्या देशाबद्दल बोलता येत नाही.

म्हणूनच पुढचे अभ्यास झाले. २००९ साली हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतले लालजी सिंग, कुमारसामी थंगराज आणि हार्वर्डचे डेव्हिड राइक यांच्या गटाने २५ भारतीय समूहांचे १३२ नमुने तपासले. जवळपास सगळेच समूह दोन प्राचीन लोकसमूहांच्या मिश्रणातून आलेले निघाले. प्रमाण तेवढे कमी-जास्त. २०१३ साली नमुने वाढवून याच गटाने विचारले, हे मिश्रण झाले केव्हा? उत्तर काढण्याची युक्ती आपल्या गोधडीवरून समजते. दोन रंगांची लुगडी जोडून गोधडी शिवली आणि दर पिढीला ती फाडून पुन्हा शिवत गेलो तर प्रत्येक रंगाचा तुकडा लहान होत जाईल. तुकड्यांच्या लांबीवरून पिढ्या मोजता येतात. हिशेब आला तो असा की सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात भारतात मिश्रण चालू होते, अगदी दूरच्या आणि आज बंदिस्त असलेल्या समूहांतही. नंतर ते मंदावले. लोक आपापल्या गटातच लग्ने करू लागले.

बेटीबंदी आधी नव्हती, नंतर आली. १९१६च्या निबंधातला मुद्दा आठवतो ना?

आठवतो, आणि इथेच जपायला हवे. २०१६ साली पश्चिम बंगालमधल्या कल्याणी येथील संस्थेतल्या संशोधकांनी काढले की अनेक समूहांत बेटीबंदी सुमारे ७० पिढ्यांपूर्वी घट्ट झाली. एका पिढीला साडेबावीस वर्षे धरली तर हा काळ गुप्त राजवटीच्या आसपास येतो. बाबासाहेबांनी अस्पृश्यतेचा उगम इसवी सन ४००च्या सुमाराला धरला होता. झाले! ‘डीएनएने बाबासाहेबांचे म्हणणे सिद्ध केले’ असा संदेश तयार. आम्हालाही हा जुळणारा आकडा पाहून आनंद झाला. पण बेटीबंदी आणि अस्पृश्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे बाबासाहेबांनीच शिकवले. आंध्रातल्या वैश्य समाजाचे गटाबाहेरचे विवाह तर त्याच्याही कितीतरी आधी थांबल्याचे दिसते. म्हणजे सगळ्या देशात एकाच मुहूर्तावर दार बंद झाले नाही. जे ऐकायला आपल्याला आवडते ते दुप्पट तपासायचे, हा नियम शास्त्रज्ञ स्वतःला लावून घेतात. कालाम सुत्त आपण परंपरेविरुद्ध वापरतो, ते योग्यच आहे. पण त्यात तर्काला जुळते म्हणून आणि हा आपला गुरू आहे म्हणून स्वीकारण्याबद्दलही सावध केले आहे, ते आपण प्रवचनात घाईने ओलांडून जातो.

राखीगढीचे काय? हरियाणातल्या या सिंधू संस्कृतीच्या स्थळी पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झाले. साठाहून अधिक सांगाड्यांच्या नमुन्यांपैकी एकाच स्त्रीचा डीएनए वापरण्याजोगा मिळाला. २०१९ साली निष्कर्ष छापला गेला: तिच्यात मध्य आशियाच्या उत्तरेकडील गवताळ प्रदेशातल्या पशुपालकांचा अंश नाही. ‘आर्य आलेच नाहीत’ हे मथळे त्यावरून झाले. गंमत अशी की त्याच दिवसांत, यातल्याच अनेक संशोधकांनी मिळून ५२३ प्राचीन माणसांच्या डीएनएवरचा दुसरा निबंध छापला. त्यात ते पशुपालक इसवी सनापूर्वी २००० ते १५०० या काळात भारतीय उपखंडात आल्याचे म्हटले आहे. ती स्त्री त्याआधी जगली होती. तिच्यात तो अंश नसणे हे ‘नंतर आले’ या म्हणण्याशी पूर्ण जुळते. मथळे देणाऱ्यांनी अर्धाच भाग वाचला.

आता एक अवघड गोष्ट. आर्य आक्रमणाचा सिद्धांत बाबासाहेबांनी १९४६ साली शूद्रांवरच्या ग्रंथात फेटाळला होता. त्यांच्यापुढे वेदांतली सूक्ते होती आणि शरीरमापनाचे आकडे होते. प्राचीन हाडांतून डीएनए वाचण्याची विद्या त्यांच्या मृत्यूनंतर कित्येक दशकांनी आली. उपखंडात बाहेरून लोक आले हे आज पुराव्याने दिसते. सैन्य घेऊन आले की गुरे हाकत आले, हे डीएनए सांगत नाही. पण वंशाने माणसाची जात ठरत नाही हे बाबासाहेबांचे मुख्य म्हणणे प्रत्येक नव्या तपासणीत अधिकच पक्के झाले आहे. एकाच संशोधकाचा एक निष्कर्ष टिकतो, दुसऱ्यात भर पडते किंवा तो बदलतो. विज्ञानात हे रोजचे आहे आणि त्याने त्या माणसाची उंची कमी होत नाही. ‘बाबासाहेबांनी म्हटले म्हणून’ एवढ्यावर वाद जिंकू पाहणारे कार्यकर्ते त्यांच्याच पद्धतीला बगल देतात, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आणि एका समूहाला गावाबाहेर का बसवले, त्याची सावली का टाळली, पाणी का तोडले, याचे उत्तर कुठल्याच गुणसूत्रात नाही. ते शोधायला शिलालेख, प्रवासवर्णने, जमिनीची कागदपत्रे आणि लोकांच्या आठवणी लागतात.

जनुकांचे ज्ञान आपल्या समाजाला खरोखर लागते ते दुसऱ्याच कामासाठी. विदर्भात आदिवासींत, आपल्या समाजात आणि इतरही काही जातींत सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. हाच दोष आफ्रिकेतही सापडतो. त्याचे कारण वंश नाही. जिथे मलेरिया पिढ्यान्‌पिढ्या होता तिथे या जनुकाची एक प्रत असलेली मुले मलेरियातून जास्त वाचली, हे अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ साली दाखवले. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी जन्मण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहकाला स्वतःला बहुधा काहीच त्रास होत नाही, त्यामुळे तपासणीशिवाय कळत नाही. लग्न ठरवताना पत्रिका मागणारी घरे आम्ही आजही पाहतो, रक्ताचा अहवाल मागणारी फार थोडी. गावपातळीवर आधी होते ती सोल्युबिलिटी चाचणी. ती दोष आहे एवढेच दाखवते. माणूस वाहक आहे की रुग्ण, हे तिच्यावरून ठरत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिससारखी दुसरी चाचणी करावी लागते, आणि पहिली चाचणी सदोष आली की दुसरी झाल्याशिवाय कागदावर काहीही लिहून घेऊ नये.